कैतानाचं कोठार

फार वर्षांपूर्वी खाजणवाडीच्या दगडी चर्चमध्ये एक आवाज घुमायचा. रविवारी सगळं गाव गायचं, गाणं थांबायचं, तरी भिंती थोडा वेळ गातच राहायच्या. घागरीत तोंड घालून हाक मारावी तसा तो आवाज. लहानग्या कैतानानं तो आईच्या कडेवर बसून ऐकला. त्याची आय नातालीन सगळ्यांत उंच स्वरात गायची, आणि आपल्या आयचं गाणं दगडांनाही पाठ आहे, असं त्याला वाटायचं.

मग लढाई झाली, राज्य बदललं. पाद्री गलबतात बसून निघून गेले. चर्चचं छप्पर जळालं, भिंती तेवढ्या राहिल्या. लोक वाटेवरच्या क्रुसापाशी प्रार्थना करू लागले.

कैतान बाप्या झाला, तेव्हा गावच्या बापूजी खोतानं ठरवलं, की हे दगड काढून आपल्या नव्या घराचं जोतं बांधायचं. ते कानावर आलं आणि कैतानानं त्या भिंतींवर माडाच्या झावळ्या शाकारल्या, आत बैल बांधले, आणि आपलं सगळं भात आणून मधोमध रास घातली.

गाव खवळलं. "कैतान्या, देवाला बाहेर काढलंस आणि ढवळ्याला आत घेतलंस?"

"आता ढवळ्यालाच पाद्री कर, म्हणजे झालं!"

नातालीन ओरडली नाही. "त्या कोठारातला तांदूळ माझ्या पानात नको," एवढंच म्हणाली आणि तिनं वेगळी चूल मांडली.

कैतान गप्प राहिला. त्या मुलखात एक रीत होती. जिथं भाताची रास उभी आहे, त्या भिंतीला पहार लावायची नाही. पण रास खरी हवी, भिंत वाचवायला मांडलेली नव्हे. मनातलं कुणापाशी बोलला असता, तर गोष्ट खोतापर्यंत गेली असती आणि भिंती पडल्या असत्या. आयलाही सांगता येईना.

खोत आला, रास बघून हसला. "तुझ्या देवाला मी भीत नाही रे, पण लक्ष्मीला भितो. रास आहे तोवर भिंत तुझी. जमीन दिसली, की माझी."

पुढं कितीतरी वर्षं गेली. असं म्हणतात, की कैतान स्वतः पेजेवर राहायचा, पण ती रास सरू द्यायचा नाही. रोज संध्याकाळी दार लोटून घ्यायच्या आधी तो भिंतीला कान लावायचा.

मग एका साली समुद्रानं बांध फोडला. खारं पाणी शेतात शिरलं, पीक गेलं. ज्यांनी टोमणे मारले होते, तेच टोपल्या घेऊन कोठाराच्या दारात उभे राहिले. कैतानानं दार उघडलं. "घ्या," म्हणाला. असं म्हणतात, की पायली भरून देताना तो मान वर करायचा नाही. मागणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून.

रास कमरेइतकी झाली, गुडघ्याइतकी झाली, मग वीतभर राहिली. शेवटी इनास नावाची एक बाळंतीण आली. कैतानानं केरसुणीनं जमीन झाडली, उरलेले दाणे सुपात भरले आणि तिच्या ओटीत घातले. मग भिंतीला कपाळ टेकून पुटपुटला, "आयचं गाणं सांभाळायचं होतं. नाही जमलं."

इनासनं ते ऐकलं. अंगात बळ नव्हतं, तरी ती घरोघर गेली आणि तिनं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कैतान आपणहून खोताकडे गेला. "रास सरली, बापूजी. पाथरवट घेऊन चला."

"खुळाच आहेस," खोत म्हणाला. "मी विचारलं होतं का तुला?" पण बोललेला शब्द होता. पाथरवट निघाले. रीतीप्रमाणे आधी दार उघडून बघणं आलं.

दार उघडलं, तर आत छातीला लागेल एवढी रास!

कुणी म्हणतात, देवदूतांनी भरली. कैतानानं मूठभर दाणे उचलून पाहिले. लाल भात, पांढरं भात, मधेच नाचणी, कुणाच्या तरी घरचे वाल. देवदूत असं मिसळून आणत नाहीत. पण उपाशी गावाच्या मुठीमुठींनी रास छातीला कशी लागली, हे मात्र आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

खोतानं वहाणा काढल्या. पाथरवटांना म्हणाला, "उपाशी पोटानं घातलेली रास खोटी नसते. पहारी खाली ठेवा."

त्या भिंती अजून उभ्या आहेत. आत पेंढा असतो, भाताचे भारे असतात, आणि लोक त्याला कैतानाचं कोठारच म्हणतात. झोडणी झाली, की प्रत्येक घरातून पहिली मूठ तिथं जाते, मग घर क्रुसाचं असो की तुळशीचं. ती रास नडलेल्याची. कुणी किती नेलं, कुणी विचारत नाही. आणि मूठ टाकताना बोलायचं नाही.

ही न बोलण्याची रीत नातालीननं घातली. असं म्हणतात, की त्या दिवशी सगळे पांगल्यावर ती आली. भिंतीचा आधार घेत तिनं उंबरठा ओलांडला. पदरातली मूठ राशीवर सोडली. मग त्याच राशीतले थोडे दाणे उचलून तिनं पदराच्या गाठीत बांधले. कैतान समोरच उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या केसांत अडकलेली गवताची काडी काढली, आणि काही न बोलता निघून गेली.