आधी कोण राहत होतं?

त्या किनाऱ्यावर कुणालाच स्वतःचं घर नव्हतं. तिथले खेकडे रिकामे शंख शोधायचे आणि त्यात आपलं मऊ पोट लपवून राहायचे. अंग वाढलं की शंख आवळायला लागायचा. मग लाटेने एखादा भलाथोरला शंख आणून टाकला की सगळे मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावायचे. सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरायचा, त्याने सोडलेल्यात त्याच्या मागचा, असं शेवटपर्यंत. उघडं पोट घेऊन फार वेळ जगता येत नाही, म्हणून हे सगळं एका दमात उरकायचं.

भिवबापाशी मात्र रांग अडायची. शंख केवढा आहे यापेक्षा आधी त्यात कोण राहत होतं, याचीच त्याला काळजी. एकदा पुढचा रडका निघाला. एकदा चोंबडा. भिवबा नको म्हणाला, आणि मागचे सगळे मुकाट्याने आपापल्या आवळत्या शंखांत परत गेले. आता त्याचं स्वतःचं अंग इतकं दाटलं होतं, की घास गिळायचा तर आधी श्वास सोडून जागा करावी लागे.

"या खेपेला नाही बदललास, तर तो शंख फोडूनच तुला काढावं लागेल," रांग लावणारी म्हातारी येसूआत्या म्हणाली. "मग तूही फुटशील."

या खेपेला त्याच्या पुढे हैबत होता. हैबत डोळे वर करून चालायचा, कुणाशी बोलायचा नाही. म्हणजे गर्विष्ठ. भिवबा त्याच्याशी कधी बोलला नव्हता. माहीत असल्यावर विचारायचं कशाला?

हैबत नव्या शंखात शिरला. त्याचा जुना शंख मागे राहिला, गुळगुळीत आणि ऐसपैस.

"शिर रे," आत्या म्हणाली.

"ह्यात? उद्या मीही तसाच चालायला लागेन."

"मला जवळचं दिसत नाही रे," हैबत म्हणाला.

"बघा! आता दुखण्याचाही तोरा."

"भिवबादादा, मी अर्धी बाहेर आलेय!" मागून चिंगी ओरडली. "शिरा नाहीतर सरका!"

"माझा आहे तो काय वाईट आहे? साधासरळ शंख. चांगल्या घरातला."

आत्याने दमून डोळे आत ओढून घेतले.

"तोही हैबतचाच आहे. लहानपणचा. तेव्हा सांगितलं असतं, तर घेतला असतास?"

आत कुणी खोकावं तसा भिवबा दचकला आणि कुरकुरत, अंग सोडवत, शंखातून सबंध बाहेर आला. चिंगी लगेच त्यात शिरली. आत्याने हैबतचा शंख भिवबाकडे ढकलला. तो मागे सरकला. तिने पुन्हा ढकलला. तो पुन्हा सरकला.

तेवढ्यात वाळूवर सावली पडली. सगळे आपापल्या शंखांत गडप झाले.

भिवबाने वर पाहिलं. पांढराशुभ्र बगळा एका पायावर शांत उभा होता. त्याच्याबद्दल भिवबाने आजवर कुणाच्याही तोंडून एक वाईट शब्द ऐकला नव्हता. ज्यांची बगळ्याशी गाठ पडली, त्यांच्यातलं कुणी सांगायला परतच आलं नव्हतं.

भिवबाला फार दिवसांनी हायसं वाटलं. पोट सांभाळत तो त्याच्याकडे चालायला लागला.