आठ रेघांची गोळी

फार फार वर्षांपूर्वी, राजे हत्तीवरून हिंडायचे तेव्हाची गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात हौसाक्का नावाची बाई राहायची. घरात ती, तिची म्हातारी सासू आणि गोठ्यात एक गाभण म्हैस. म्हैस धड व्याली तरच त्या दोघींचा पावसाळा निभणार होता.

हौसाक्का होती मोठी संशयी. शेजारणीनं कालवण आणून दिलं, तर ही आधी मांजराला चाटवायची. मांजर तासभर ठणठणीत राहिलं, की मग जेवायची.

एकदा म्हशीनं वैरण टाकली. हौसाक्का नाइलाजानं गुरांच्या वैद्याकडे गेली. नाइलाजानं अशासाठी, की त्या वैद्यानं मागे एकदा हीच म्हैस विकत मागितली होती. तेव्हापासून तो तिच्या मनातून पार उतरला होता.

वैद्याचं औषध म्हणजे एक कडू मुळी. जनावर बघून तो तिचे सारखे हिस्से करायचा आणि एकेक हिस्सा कुटून गूळ-पिठात मळायचा. गोळ्या मात्र सगळ्या लिंबाएवढ्याच. कुठलीत किती मुळी हे कळावं म्हणून तो गोळीवर नखानं रेघा ओढायचा. मुळीचे जितके हिस्से केले, तितक्या रेघा.

हौसाक्काला त्यानं आठ रेघांच्या गोळ्या दिल्या. आठवा हिस्सा आहे, रोज सकाळी एक दे, म्हणाला. तेवढ्यात पाटलाचा गडी बैलासाठी गोळ्या घेऊन गेला. त्यांवर रेघा चारच!

झालं. हौसाक्काच्या डोक्यात किडा वळवळला. एवढ्या धिप्पाड बैलाला चार, आणि माझ्या अशक्त म्हशीला आठ? म्हशीवर डोळा आहे मेल्याचा. विचारावं म्हटलं तर सावध होईल. वैद्य पाणी प्यायला आत गेला, तशी तिनं ओटीवर सुपात वाळत ठेवलेल्या चार रेघांच्या गोळ्या उचलल्या आणि आपल्या तिथे ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी गोळी खाऊन म्हैस मान खाली घालून बसूनच राहिली. हौसाक्कानं स्वतःचीच पाठ थोपटली. चार रेघांनी ही गत, आठांनी काय झालं असतं! वैद्य रानात गेल्याचं बघून ती पुन्हा त्याच्या ओटीवर गेली आणि दोन रेघांच्या गोळ्या घेऊन आली. त्यातली एक सकाळी चारली. दुपारी म्हैस पाय ताणून आडवी झाली.

मग मात्र हौसाक्कानं गाव गोळा केलं. वैद्याला गोठ्यात आणून उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की यानं आठ देऊन मारायला काढली होती, मी शहाणी म्हणून दोनवर आणलं.

वैद्यानं सासूकडून दोन भाकरी मागून घेतल्या. एकीचे दोन तुकडे केले, दुसरीचे आठ. दोन्हींतला एकेक तुकडा त्यानं हौसाक्काच्या हातावर ठेवला.

"सांग हौसा, जास्त कुठला?"

हौसाक्का एकदा या हाताकडे बघे, एकदा त्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोन रेघा म्हणजे अर्धी मुळी," वैद्य म्हणाला. "त्या गोळ्या राजाच्या हत्तीसाठी होत्या. तुझी म्हैस गाभण, म्हणून तिला सगळ्यांत कमी दिलं होतं मी."

संध्याकाळपर्यंत तो म्हशीला ताक पाजत राहिला. म्हैस वाचली, पण पोटातलं रेडकू गेलं.

सासूनं एकच विचारलं, "एवढा संशय होता, तर आठ रेघा का म्हणून विचारलं का नाहीस गं?" हौसाक्का रडत राहिली. त्या पावसाळ्यात त्या घरात दुधाचा थेंब आला नाही.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आज्यांनो, शंका आली तर तोंडानं विचारावी. मनात दडवलेली शंका आपलंच घर बुडवते.