दाराला काजवा

फार मागे विहिरीवरच्या बाभळीवर सुगरण पाखरांची वस्ती होती. नर अर्धं घरटं विणायचा, मग मादी त्या घरट्याला लटकून हिसके देऊन बघायची. तिला पटलं तरच तो पुढे विणायचा.

इतर पाखरांनीही आपली घरटी घ्यावीत म्हणून केरबा सुगरणाने साळू साळुंकीला कामाला ठेवलं. तिचा गळा गोड होता. ती म्हणाली, "केरबाभाऊ, हिसके देण्यात अर्धा हंगाम जातो. गिऱ्हाईक बाहेरूनच बघतं. दाराला काजवा चिकटवा, बाकीचं मी बोलते."

ती बोलली आणि घरटी भराभर गेली. साळूच्या पोरांनी नशीब काढलं, असं जो तो म्हणायचा. पोरं तर अजून व्हायची होती.

मग साळूची अंडी घालायची वेळ आली आणि नेमकी तिची ढोली घोरपडीने बळकावली. ती केरबाकडे धावली. "भाऊ, एक घरटं द्या. हिसके देऊन बघितलेलं."

"तसलं आता कुठलं? तूच बंद केलंस की. हे घे, याला काजवापण आहे."

खाली विहिरीचं पाणी काळं दिसत होतं. साळूला हिसका देववेना. तुटलं तर दुसरं कुठून आणणार? तिने तिथंच अंडी घातली. वारा आला की घरटं करकरायचं.

एक पोटुशी होली, कबुतराच्या जातीची, शेजारी येऊन बसली. "साळूमावशी, घरटं कसं आहे गं? मलाही घ्यायचंय."

वरच्या फांदीवर केरबा ऐकत होता.

साळूने अंडी पोटाशी घट्ट धरली आणि ती नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "भक्कम आहे. घे बाई."