उभ्या बायकांचा किनारा

होडी समुद्रात असेल तोवर बाईने बसायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

झुल्मिराला हा नियम तिच्या दहाव्या वाढदिवशी सांगण्यात आला. नऊ वर्षांच्या मुली वाळूवर फतकल मारून बसू शकत होत्या. दहा वर्षांच्या नाही. त्या वाढदिवसाला तिला मिळालं ते एवढंच.

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर आरेइन्या नावाचं एक चिमुकलं गाव होतं. पांढरी घरं, निळ्या चौकटी, खिडकीखिडकीत सब्ज्याची हिरवीगार, चेंडूसारखी गोल रोपं. उन्हाळ्यात तिथला समुद्र काचेच्या बांगडीसारखा चमकायचा. पहाटे पुरुष होड्या घेऊन जायचे. होड्या लाल, पिवळ्या, आकाशी असायच्या आणि त्यांच्या टोकाला दोन मोठाले डोळे रंगवलेले असायचे, वाट चुकू नये म्हणून. बायका किनाऱ्यावर मागे राहायच्या. मासे चिरायच्या, मिठाच्या पाण्यातून काढायच्या, जाळीच्या माच्यांवर उन्हात मांडायच्या. चंदेरी मासोळ्यांच्या ओळीच्या ओळी चमचमायच्या. एक बाजू सुकली की बायका त्या उलटायच्या. हे सगळं उभ्याने.

दुपारी उत्तरेचा वारा सुटायचा आणि बारीक वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचायची. तरी उभ्याने.

झुल्मिराची माय इल्दा हिचा डावा पाय मागच्या उन्हाळ्यापासून सुजला होता. तो आता पिकलेल्या अंजिरासारखा जांभळा आणि मऊ झाला होता. गावातल्या बायका एकावर एक सात घागरे घालायच्या, त्यामुळे तो कुणाला दिसत नव्हता. झुल्मिराला दिसत होता, कारण रोज रात्री त्याच्यावरची पट्टी तीच सोडायची. त्या दिवशी सकाळी माय दोनदा माच्याला धरून उभी राहिली आणि तिसऱ्यांदा तिचे डोळेच मिटले.

"तिया ग्रासिंदा," झुल्मिरा म्हणाली, "मायला थोडा वेळ बसू द्या ना."

गावात सगळ्या म्हाताऱ्या बायकांना 'तिया' म्हणायचे, म्हणजे मावशी. तिया ग्रासिंदा त्यांच्यात सगळ्यांत थोरली. पायघोळ काळे कपडे, काळा रुमाल, आणि पाठ अशी ताठ की गलबताची डोलकाठी वाटावी.

"होडी आली का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"पण का बसायचं नाही?"

पालथ्या घातलेल्या एका जुन्या होडीवर म्हातारे मेस्त्री बेल्मिरु पाय पसरून बसले होते. पुरुषांना बसायला बंदी नव्हती. ते म्हणाले, "लिओंतिना बसली होती. तुझा जन्मही नव्हता तेव्हा. ती बसली आणि तिच्या नवऱ्याची होडी आली नाही. कळलं? तुझा बाप आहे ना आत समुद्रात?"

झुल्मिराने समुद्राकडे पाहिलं. बाबा समुद्रात होते.

"जा, पाइनच्या वाळक्या बोंडांची टोपली भरून आण," माय हळूच म्हणाली. "संध्याकाळी मासे भाजायचेत. जाऊन ये, राणी. तेवढीच सावली मिळेल तुला."

किनाऱ्यामागे पाइनचं रान होतं. तिथे ऊन नाण्यांसारखं सांडलं होतं आणि जमीन मऊ, तपकिरी, सुवासिक होती. प्रत्येक झाडाच्या खोडाला एक छोटीशी मातीची वाटी टांगलेली होती. झाडाच्या सालीला खाच पाडली की त्यातून सोनेरी राळ थेंबाथेंबाने वाटीत जमते, तिच्यासाठी त्या वाट्या. झुल्मिरा बोंडं वेचत होती. ती इतकी दमली होती की वाकलं की पुन्हा उठूच नये असं वाटत होतं. पण रानातही ती बसली नाही. बाबा समुद्रात होते.

एका वाटीतून बारीक आवाज आला. "अगं, कुणी आहे का? मी इथे आहे. वास छान आहे, पण बाकी हाल आहेत."

झुल्मिराने वाटीत डोकावून पाहिलं. राळेत एक इवलीशी परी गळ्यापर्यंत रुतली होती. बोटाच्या पेराएवढी. तिचे केस केशरी, डोळे हिरवे, आणि पंख असतील तर ते राळेखाली कुठेतरी होते.

"हसू नकोस," परी म्हणाली. "मधात पडलेल्या माशीसारखी दिसतेय मी, मला माहीत आहे. जरा डुलकी लागली आणि फांदीवरून खाली पडले."

"मी हसत नाहीये. मी दमलेय," झुल्मिरा म्हणाली.

तिने परीला हलकेच उचललं. राळ तारांसारखी लांबत गेली. पाण्याने राळ निघत नाही, हे गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. तेलाने निघते. झुल्मिराच्या खिशात मक्याच्या भाकरीचा तुकडा होता आणि ती बुडवून खायला बोटभर बाटलीत ऑलिव्हचं तेल. आठवड्यातून एकदाच मिळणारं. तिने क्षणभर बाटलीकडे पाहिलं. मग सगळं तेल तळहातावर ओतलं आणि परीचा एकेक पंख, एकेक बोट, केसांची एकेक बट पुसून काढली. पंख बाहेर आले तेव्हा ते पहाटेच्या आभाळासारखे होते, कडेला गुलाबी, मध्ये निळसर.

"आता कोरडी भाकरी खावी लागेल तुला," परी म्हणाली.

"कोरडीही जाते घशाखाली."

"मग बस आणि खा ना."

"बसता येत नाही."

"का? गुडघे दुमडत नाहीत?"

झुल्मिराने नियम सांगितला. परीने दोन्ही हात कमरेवर ठेवून ऐकला आणि तिच्या कपाळाला आठी पडली, तिळाएवढी.

"ठीक," ती म्हणाली. "तू तेल दिलंस, मी इच्छा देते. तीन. पण माझेही नियम आहेत, आणि ते का आहेत हे तू खुशाल विचार. पहिला नियम असा, की जे मागशील ते तुझ्या ओंजळीत मावलं पाहिजे."

"का?"

"कारण मी एवढीशी आहे. त्याहून मोठं मला उचलवत नाही. दुसरा नियम, जी गाठ माणसांनी मारली ती मी सोडत नाही."

"ती का?"

"कारण मी सोडली की ती पुन्हा मारतात. शंभरदा पाहिलंय. बोल आता."

झुल्मिराला स्वतःसाठी फक्त झोप हवी होती, पण झोप ओंजळीत मावते का हे तिला कळेना. आणि मायचे मिटलेले डोळे तर समोरून हलतच नव्हते. "मायच्या पायाला औषध," ती म्हणाली.

परीने वाटीतल्या राळेत बोट फिरवलं, त्यात थोडं ऊन मिसळलं, आणि झुल्मिराच्या ओंजळीत मधाच्या रंगाचा मलमाचा गोळा आला. ऊबदार आणि मंद उजळणारा.

"हे आजच लाव," परी म्हणाली. "पण बसून लावायचं. पाय मांडीवर घेऊन, समुद्राच्या शंभर लाटा मोजेपर्यंत. उभ्याने लावलं तर पाण्यासारखं ओघळून जाईल."

"पण माय बसणार नाही."

"तो तुमचा नियम. हा पायाचा. मी पंख सुकेपर्यंत तुझ्या खिशात बसते. मला बसायला बंदी नाहीये ना?"

झुल्मिरा टोपली डोक्यावर घेऊन धावत किनाऱ्यावर आली. तिने मायला मलम दाखवलं, परी दाखवली, सगळं सांगितलं. परी खिशातून डोकं काढून नम्रपणे वाकली.

मायने मलमाकडे असं पाहिलं, जसं तहानलेलं माणूस पाण्याकडे पाहतं. मग तिने मान हलवली. "होडी आल्यावर, राणी."

"होड्या अंधार पडल्यावर येतात. तुला तोवर उभंच राहवणार नाही."

"मी बसले आणि तुझ्या बाबांना काही झालं, तर मी कुठे तोंड दाखवू? लिओंतिना पुढे कितीतरी वर्षं जगली. तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मी पाहिलंय."

झुल्मिराला रडू आलं नाही. राग आला. ती लाटांच्या कडेला गेली आणि खिशात म्हणाली, "दुसरी इच्छा. लिओंतिनाच्या त्या दिवशी खरं काय झालं, ते मला पाहायचंय."

"ओंजळ भर," परी म्हणाली.

झुल्मिराने समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी आधी हिरवं झालं, मग निळं, मग आरशासारखं लख्ख. त्यात हाच किनारा होता. एक तरुण बाई उभी होती. सकाळपासून उभी होती, तिची सावली आधी आखूड झाली आणि मग लांबत गेली, तरी ती उभीच. दूर खडकापलीकडे वादळात एक होडी उलटली. मग एक माणूस धावत आला आणि त्याने काहीतरी सांगितलं. आणि तेव्हा, तेव्हा कुठे, लिओंतिनाचे गुडघे दुमडले आणि ती वाळूवर बसली. तिच्या शेजारी तिचा हात घट्ट धरून आणखी एक मुलगी उभी होती. ताठ पाठीची.

पाणी बोटांतून गळून गेलं.

झुल्मिरा तडक तिया ग्रासिंदासमोर जाऊन उभी राहिली. "लिओंतिना बसली म्हणून होडी बुडाली नाही. होडी बुडाली, मग ती बसली. तुम्ही तिथेच होतात. तुम्ही तिचा हात धरला होता."

माच्यांवर मासे उलटणारे हात थांबले. तिया ग्रासिंदाचा चेहरा मिठासारखा पांढरा पडला.

"ती माझी बहीण होती," ती शेवटी म्हणाली. "आधी काय आणि नंतर काय, ते लोकांनी ठरवलं. मी कशाला मध्ये बोलू? मोठ्यांनी सांगितलं, मी उभी राहिले. साठ उन्हाळे उभी आहे. तुला दहा दिवस झाले नाहीत, आणि तू मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, तिया. तुम्हाला माहीतच होतं."

मेस्त्री बेल्मिरु होडीवरून ओरडले, "इल्दा, पोरीला आवर."

माय मात्र झुल्मिराकडे बघत होती. तिचा पाय थरथरत होता. "खरंच पाहिलंस?" तिने विचारलं.

"खरंच."

"वाळू तापलीये," माय हळूच म्हणाली. "आणि खाली बसले तर या पायाने मला परत उठता येणार नाही."

झुल्मिराने खिशावर हात ठेवला. "तिसरी इच्छा आहे माझी."

"विचार करून माग," परी कुजबुजली. "रेशमी फीत मागू शकतेस. निळे चकचकीत बूट मागू शकतेस, एकावर एक ठेवले तर ओंजळीत मावतील. ही शेवटची आहे."

"एक स्टूल," झुल्मिरा म्हणाली. "छोटंसं. ओंजळीत मावेल असं."

तिच्या हातात पाइनच्या लाकडाचं, अक्रोडाएवढं स्टूल आलं. त्याला तीन इवले पाय होते. तिने ते वाळूवर ठेवलं. ते वाढलं. गुडघ्याएवढं झालं आणि थांबलं.

माय त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने सातही घागरे सावरले आणि ती बसली. बसताना तिच्या तोंडून एक लांब श्वास निघाला, इतका लांब की जणू वर्षभर आत कोंडला होता. झुल्मिराने तिचा पाय मांडीवर घेतला आणि त्यासाठी तीही वाळूवर बसली. तिने मलम लावलं. लाटा मोजल्या. चाळीसला जांभळा रंग फिकट झाला. सत्तरला सूज उतरली. शंभराव्या लाटेला मायने पायाची बोटं हलवली आणि ती चक्क हसली, लहान मुलीसारखी.

"माझे पंख सुकले," परी म्हणाली. ती खिशातून बाहेर आली आणि झुल्मिराच्या नाकाच्या शेंड्यावर टेकली. "तेल फार छान होतं हं." मग ती उडाली. वर, आणखी वर, आणि जिथे आभाळ समुद्राला लागतं तिथे एक सोनेरी उजेड फुलला. तो माच्यांवर पसरला, मासे मोत्यांसारखे झळकले, बायकांचे थकलेले चेहरे क्षणभर गुलाबी झाले. उजेड विरला तेव्हा परी नव्हती.

उजेड विरला तिथेच एक ठिपका दिसला. लाल, पिवळा, आकाशी. डोळे रंगवलेला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. त्या दिवशी होड्या अंधाराआधीच परतल्या, काठोकाठ मासळीने भरलेल्या. बाबा गुडघाभर पाण्यात उडी मारून आले आणि बसलेल्या मायला पाहून जागच्या जागी थबकले.

"पाय बरा आहे," माय म्हणाली. बाबांनी ओली टोपी काढून पिळली आणि ते तिच्याशेजारी वाळूवर बसले.

दोन बायका त्यांच्याजवळ येऊन बसल्या. मग आणखी एक.

"आज झालं ते झालं," तिया ग्रासिंदा म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "आज नशीब चांगलं होतं. उद्या होड्या गेल्या की सगळ्या उभ्या राहतील. असंच चालत आलंय."

"असंच," मेस्त्री बेल्मिरु म्हणाले. "आणि झुल्मिरा सगळ्यांच्या पुढे उभी राहील. शिक्षा म्हणून."

झुल्मिरा उठली नाही. तिने पायांवरची वाळू झटकली आणि पाय आणखी लांब पसरले.

"नाही," ती म्हणाली. "मासे मी उलटेन, जाळी मी धुवेन, बाबांची वाट मी बघेन. पण दमले की बसेन. उद्याही आणि परवाही. तुम्ही का ते विचारा, मी सांगेन."

मेस्त्रींनी बोलायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर आपल्याच पसरलेल्या पायांवर गेली आणि त्यांनी ते जवळ ओढून घेतले. तिया ग्रासिंदा वाऱ्यात उभी राहून झुल्मिराकडे बघत होती. तिने 'का' ते विचारलं नाही. ते तिला माहीतच होतं.