ओल्या हाताची पारख

एका गावाला तीन बाजूंनी धरणाचं पाणी होतं, आणि त्या गावात अनसाकाकी नावाची एक बाई राहत होती. पारख करावी तर तिनंच. मडकं घ्यायचं तर टिचकी मारून बघे, लुगडं घ्यायचं तर पदराचा एक धागा काढून जाळून बघे. लग्नाचा बस्ता असो की दुभती म्हैस, अनसाकाकीनं मान हलवल्याशिवाय गावात कुणी खरेदी करत नसे. तिचे यजमान दत्तोबा तिला ‘पारखीणबाई’ म्हणून चिडवत. ती वरवर रागावे, पण मनातून तिला ते नाव फार आवडे.

गावात होडी एकच, आणि ती चालवणारा बारकू नावाडीही एकच. दवाखाना, बाजार, एसटी सगळं पलीकडच्या काठाला. रस्त्यानं जायचं तर घाटाचा अडीच तासांचा वळसा. बारकूकडे बटणांचा एक जुना फोन होता, तो पाण्यात पडून गेला. त्यातच धरणाच्या ऑफिसानं पाणी सोडण्याची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायला सुरुवात केली. तेव्हा गावानं ठरवलं, गणपतीची वर्गणी उरली आहे, तिच्यातून बारकूला चांगला अँड्रॉइड फोन घेऊन द्यायचा. निवडायचा कुणी? हे काय विचारणं झालं!

अनसाकाकी, दत्तोबा आणि बारकू पलीकडच्या बाजारात गेले. दुकानदारानं दोन फोन पुढे ठेवले. किंमत सारखीच. एक पातळ, चकचकीत, बोटाच्या ठशानं उघडणारा. दुसरा काळा, जाडजूड, कडांना रबर लावलेला.

“काकी, होडीवरच्या माणसाला हा जाडाच द्या,” दुकानदार म्हणाला. “दिसायला नाही बरा, पण पाण्यात कामाचा आहे.”

आता अनसाकाकीचा एक जुना नियम होता. दुकानदार आपणहून ज्या मालाची तारीफ करतो, तो माल त्याच्याकडे पडून असतो. या नियमानं तिला आजवर दगा दिला नव्हता. तिनं दोन्ही फोनांनी दत्तोबांचा फोटो काढून पाहिला. पातळ फोनात मिशीचा केस न् केस दिसत होता. जाड्या फोनात चेहरा धुरकट आला. शिवाय बारकूच्या हातात हा फोन सगळं गाव बघणार, आणि बघणारा प्रत्येक जण म्हणणार, ही अनसाकाकीची पसंती. तिचं मन पातळ फोनावर बसलं.

बारकू दारातच उभा होता. होडी काठाला ओढून तसाच आला होता, कोपरापर्यंत ओला. तो दबकत म्हणाला, “काकी, मी एकदा हातात घेऊन बगू का?”

“अरे, हात बघ तुझे किती ओले आहेत! काचेवर डाग पडतील. मी बघतेय ना?”

बारकूनं पुढे केलेला हात मागे घेतला. अनसाकाकी बघतेय म्हटल्यावर त्यानं आणखी काय बोलायचं? पातळ फोन गावात आला. पोरासोरांनी तो डोळे भरून पाहिला आणि दत्तोबा म्हणाले, “पारखीणबाई, नाव राखलंत.”

बारकूची अडचण मात्र पहिल्याच दिवशी सुरू झाली. वल्ह्याचं पाणी हातावर ओघळायचं, वाऱ्यानं तुषार उडायचे, होडीत साचलेलं पाणी डब्यानं उपसायचं असायचं. ओलं बोट काचेवर नुसतं घसरे आणि फोन जागचा हलत नसे. हात पुसायला कोरडी चिंधी होडीत सापडायची नाही. ठशाचं तर नावच नको. दोर ओढून ओढून त्याच्या बोटांच्या रेघा गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावरही त्याचा अंगठा कधी उठत नसे. फोन वाजला की तो होडीतल्या कुणाला तरी म्हणे, “दादा, तुमचा हात कोरडा हाय, जरा उचला की.” कुणीतरी उचले आणि काम भागे. गावानं एवढ्या हौसेनं दिलेली वस्तू, तिला नावं कशी ठेवायची, म्हणून तो गप्प राहिला.

माघातल्या एका दुपारी दत्तोबा अंगणात शेंगा फोडत बसले होते. बसल्या बसल्या त्यांचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात लुळा पडला. अनसाकाकीनं बारकूला फोन लावला. वाजला, वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिनं बारा वेळा फोन लावला. शेजारी धावत काठावर गेले, ओरडले, धोतर फडकवलं. होडी कुठं दिसेना.

बारकू तेव्हा एकटाच वरच्या वाडीकडे निघाला होता. फोन वाजताना त्याला दिसत होता, काकीचं नावही दिसत होतं. त्यानं बोट घासलं, सदऱ्याला पुसलं, सदराही ओला. फोन घेता येईना, आणि उलट लावावा तर कुलूप उघडेना. तो जीव तोडून वल्हं मारत वाडीला पोहोचला आणि काठावरच्या पहिल्या माणसाच्या हातात त्यानं फोन दिला. काकीचा फोन पुन्हा वाजला तसा त्या माणसानं तो उचलला, आणि निरोप ऐकून बारकू तिथूनच माघारी फिरला. दत्तोबा दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोन तास गेले होते.

डॉक्टर म्हणाले, “जीव वाचला. पण तासभर आधी आणलं असतं तर वाचाही वाचली असती.”

दत्तोबा घरी आले. डोळ्यांनी सगळं समजायचं, पण जिभेला शब्द नव्हता. चौथ्या दिवशी बारकू आला आणि फोन उंबऱ्यावर ठेवून उभा राहिला. “काकी, चूक माझी. मला हात कोरडे ठेवता आले न्हाईत.”

अनसाकाकी म्हणाली, “नावाड्याचे हात कोरडे कसे राहतील रे? दुकानात तेव्हाच का नाही बोललास?”

बारकूनं मान खाली घातली. “हातात घेऊन बगू का, म्हनलो व्हतो, काकी. तुमी म्हनलात, डाग पडतील.”

अनसाकाकीनं पदरानं डोळे पुसले. मग उठली, बारकूला घेऊन त्याच दुकानात गेली आणि जाडा फोन काढून त्यात बारकूचं सिम घालायला लावलं. कोपऱ्यातली पाण्याची कळशी तिनं स्वतः पुढे ओढली.

“बारकू, आधी हात बुडव. मग बघ.”

“काकी, काचेला डाग…” दुकानदार म्हणाला.

“पडू देत,” अनसाकाकी म्हणाली. “मागच्या वेळी मी काचच जपली होती.”

बारकूनं टपटप गळणारं बोट काचेवर फिरवलं. फोन लागला. तिच्याच पिशवीतला फोन वाजू लागला.

अजूनही गावात कुणी काही घ्यायला निघालं की अनसाकाकीकडे येतं. पण आता ती मालाकडे आधी बघत नाही. म्हणते, “वापरणार कोण? त्याला आण. त्याचे हात बघू दे.” दत्तोबा ओट्यावर बसून ऐकतात. तिला ‘पारखीणबाई’ म्हणून चिडवणारं आता घरात कुणी उरलेलं नाही.

तात्पर्य: वस्तू चांगली की वाईट, हे पारख करणाऱ्यानं नव्हे, वापरणाऱ्यानं सांगायचं असतं; त्याला बोलू न देता केलेली निवड म्हणजे आपलाच मिरवलेला तोरा.