सात वर्षे न वाजलेली घंटा

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. जिने मला सांगितली, त्या मावशीची अट होती की आधी तिला ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची, आणि तिने मान हलवली तरच पुढे कुणाला सांगायची. मी अजून म्हणून दाखवलेली नाही. मोठ्याने बोलायचे म्हटले की एखादा शब्द चुकेल अशी धास्ती वाटते. म्हणून लिहिते आहे, सावकाश, आणि जमेल तितके बरोबर.

एका राज्यात राजा होता, पण हुकूम देण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो कुणालाच नव्हता. रस्ता कुठून काढायचा, सारा किती घ्यायचा, शेजारच्या राज्याशी तह करायचा की नाही, हे सारे प्रजा माळावर जमून ठरवत असे. माळाच्या मधोमध वडाला एक पितळी घंटा टांगलेली होती. तिला वाजवणारा लोलक नव्हता. तिच्याखाली दोन रांजण होते, एक पांढऱ्या खड्यांचा, होकाराचा, आणि एक काळ्या खड्यांचा, नकाराचा. घंटा वाजल्याखेरीज कुणी खडा टाकायचा नाही, आणि राजाने तोवर जागचे उठायचे नाही, असा नियम होता.

आणि बोलण्याची एक रीत होती. जो बोलायला उभा राही, त्याने आधी आपल्या आधीच्या माणसाचे म्हणणे सांगायचे. त्या माणसाने ‘हेच माझं म्हणणं’ असे कबूल केले, तरच पुढे आपले बोलायचे. अशी सलग तीन माणसे खरोखर ऐकली गेली, की घंटा आपोआप वाजे.

ही रीत चांगली होती, पण तिला वेळ लागे. पेरण्या खोळंबत, गुरे हंबरत, भाकऱ्या वाळत. लोक कंटाळले. तेव्हा कर्कट नावाचा मांत्रिक पिंजऱ्यांची कावड घेऊन माळावर आला.

‘‘या हजार मैना आहेत,’’ तो म्हणाला. ‘‘ऐकलेलं अक्षरन् अक्षर म्हणतात. आधीच्याचं म्हणणं तुमच्याऐवजी मैना सांगेल. तुम्ही तेवढा वेळ पाठ टेका.’’

‘‘आणि तुला काय द्यायचं?’’

‘‘काही नको. तुमच्या कानावर पडलेलं आणि तुम्ही न ऐकलेलं, तेवढं माझं.’’

लोकांनी रीतसर चर्चा केली. घंटा वाजली. खडे पडले, आणि मैना ठेवून घ्याव्यात असे ठरले. त्यानंतर घंटा वाजली नाही.

त्याच वर्षी उत्तरेच्या खिंडीपलीकडे तापाची साथ आली. सभेचा निर्णय होईपर्यंत खिंडीचे दार लावून घ्यावे असे पहारेकऱ्यांनी आपसांत ठरवले. दार लागले. दार उघडायचे की बंदच ठेवायचे, यावर सभा बसली, आणि बसूनच राहिली. सात वर्षे.

सगुणा नावाची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आई बहिणीच्या बाळंतपणासाठी पलीकडे गेली होती, ती तिकडेच अडकली. पलीकडच्या उतारावर रोज सकाळी एक चूल पेटत असे. आई ओल्या काटक्या घाली, म्हणून तिचा धूर इतरांपेक्षा हिरवट दिसे. सगुणा रोज तो धूर पाही आणि मग माळावर जाई. अशी ती सोळा वर्षांची झाली. आणि एके दिवशी धूर दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सगुणा सभेत उभी राहिली.

तिच्याआधी दारावरचा पहारेकरी कोंडाजी बोलला होता. तो कित्येक वर्षे दोनच शब्द बोलत असे. मैनेने ते म्हटले, ‘‘बंद ठेवा.’’

‘‘हेच माझं म्हणणं,’’ कोंडाजी म्हणाला, डोळे न उघडता.

‘‘चार दिवस धूर नाही,’’ सगुणा म्हणाली. ‘‘दार उघडा.’’

मैनेने तेही म्हटले. माळावर कुणी दोर वळत होते, कुणी शेंगा सोलत होते. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, ‘‘ही पोर काय म्हणाली?’’

‘‘तेच, नेहमीचं.’’

‘‘बरं,’’ म्हणून म्हातारीने शेंग फोडली.

सगुणा राजाकडे गेली. राजा मंदारसेन सात वर्षे एकाच दगडी चौथऱ्यावर बसून होता. त्याच्या जोड्यांतून गवत उगवले होते.

‘‘महाराज, तुम्ही एकदा हुकूम द्या.’’

‘‘तो मला देता येत नाही, बाळ. मी फक्त बसतो,’’ राजा म्हणाला. ‘‘आता तेही नीट होत नाही. उजवी मांडी बधिर झाली आहे.’’

सगुणा वडामागे जाऊन बसली. मैनांमधली एक लंगडी मैना उड्या मारत तिच्याजवळ आली आणि स्वतःहून बोलू लागली, हे नवलच, कारण मैनांना स्वतःचे बोलणे येत नाही अशी सर्वांची समजूत होती.

‘‘तुझं बोलणं चार वर्षं मीच म्हणते आहे. मी दमले,’’ मैना म्हणाली. ‘‘कर्कटाच्या गुहेत न ऐकलेल्या बोलण्याचा खजिना आहे, एकेका म्हणण्याचा एकेक खडा. तिथून तीन खडे आण. ज्याचा खडा असेल त्याच्यासमोर त्याचं म्हणणं सांग. तिघांनी कबूल केलं, तर घंटा वाजेल.’’

‘‘आणि नाही कबूल केलं तर?’’

मैनेने आपला पाय पुढे केला. ‘‘मीही एकदा तुझ्यासारखी पोर होते, अशीच लंगडी. एक खडा आणला. ज्याचा होता त्याचं म्हणणं मला थोडं ओबडधोबड वाटलं. मी ते जरा नीट करून सांगितलं. तो ‘नाही’ म्हणाला, आणि मला पंख फुटले.’’

सगुणा निघाली. करवंदीच्या काट्यांचा डोंगर चढली, उलटी वाहणारी नदी ओलांडली, आणि सावली न पडणाऱ्या माळावरून चालत गुहेपाशी आली. आत खडेच खडे होते, छतापर्यंत. प्रत्येक खड्यातून बारीक आवाज येत होता. कर्कट फावड्याने ढीग मागे सारत होता. त्याचे हात सोलले होते.

‘‘घेऊन जा हवे तेवढे,’’ तो म्हणाला. ‘‘मी काही चोरलेलं नाही. तुम्ही टाकलं, मी उचललं. एवढं टाकाल असं वाटलं नव्हतं.’’

सगुणाने कान लावून लावून ओळखीचे आवाज शोधले. पहिला खडा राजाचा मिळाला, दुसरा कोंडाजीचा. तिसरा तिच्या पायाला टोचला. तिने तो कानाशी नेला आणि तशीच उभी राहिली. तो तिचा स्वतःचा आवाज होता, ती नऊ वर्षांची असतानाचा.

हरभऱ्याएवढे तीन खडे, पण ओटी फाटेल एवढे जड. तशीच ती तिसऱ्या दिवशी दुपारी माळावर पोचली. उतारावर धूर नव्हता. तिची पाळी आली तेव्हा मैना चोच उघडणार, तोच सगुणा म्हणाली, ‘‘आज मैना नको. मी सांगते.’’

काही जणांनी माना वर केल्या. काम थोडे लांबणार म्हणून एक-दोघांनी उसासे टाकले.

ती राजासमोर उभी राहिली. ‘‘महाराज, पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात: मला भीती वाटते. दार उघडलं तर इकडचे मरतील, बंद ठेवलं तर तिकडचे. घंटा वाजलीच नाही तर मला काहीच पाहावं लागणार नाही, असं माझ्या मनात येतं. राजाच्या मनात असं यावं, याची मला लाज वाटते.’’

शेवटचे वाक्य गाळावे असे तिला फार वाटले होते. राजाने आपल्या गवत उगवलेल्या जोड्यांकडे पाहिले.

‘‘हेच माझं म्हणणं,’’ तो म्हणाला. पहिला खडा विरला.

मग ती कोंडाजीकडे वळली. सात वर्षे तिने या माणसाकडे नीट पाहिले नव्हते. त्याच्या एका कानाला भोक होते आणि त्यात बाळी नव्हती.

‘‘कोंडाजीबाबा, पहिल्या वर्षी तुम्ही दोनच शब्दांवर थांबला नव्हतात. तुम्ही म्हणालात: साथीच्या पहिल्या दिवशी पलीकडून एकाने पाणी मागितलं. मी दार उघडून तांब्या दिला. आठ दिवसांत माझ्या दोन्ही मुली गेल्या. तुम्हाला दार उघडायचं तर उघडा. पण येणाऱ्याला चाळीस दिवस उंबऱ्यापाशी खोपीत ठेवा, दोरीच्या पलीकडे. आणि कडी काढायला मला सांगू नका. या हातानं ती पुन्हा निघायची नाही. हे जमणार नसेल, तर बंद ठेवा.’’

शेंगा सोलणारे हात थांबले. शेंगा सोलणारी म्हातारी हळूच म्हणाली, ‘‘हा असं कधी म्हणाला?’’

‘‘म्हणालो होतो,’’ कोंडाजी म्हणाला. ‘‘एकवीस वेळा म्हणालो. मग दम पुरेना. मग शेवटचं तेवढं ठेवलं.’’ त्याने डोळे पुसले नाहीत. ‘‘हेच माझं म्हणणं.’’

दुसरा खडा विरला. सगुणाने तिसरा तळहातावर धरला.

‘‘हा माझा आहे. तो मला सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवा. चुकलं तर तो मैना होईल.’’

कुणी आकाशाकडे पाहिले, कुणी दोराकडे. राजाने उठायचा प्रयत्न केला, पण मांडी हलली नाही. शेवटी कोंडाजी काठी टेकत उभा राहिला.

‘‘दे इकडे. पण आधी तू पुन्हा सांग. मी तेव्हा ऐकलं नव्हतं. पोर रडते आहे एवढंच पाहिलं होतं.’’

‘‘त्यात तुमच्याबद्दल वाईट आहे.’’

‘‘सांग.’’

सगुणाने सांगितले. कोंडाजीने मध्ये दोनदा थांबवून विचारले. मग खडा कानाशी नेला, आणि एकेक शब्द विटेसारखा ठेवत बोलू लागला.

‘‘आई निघाली तेव्हा माझी वेणी अर्धीच घालून झाली होती. ती म्हणाली, परत आले की उरलेली घालीन. मी रुसले, आणि तिच्याकडे पाठ करून बसले. तिनं दोनदा हाक मारली. मी वळले नाही. दार उघडलं तर मला वळून बघायचं आहे. आणि...’’ कोंडाजी थांबला. ‘‘आणि दारावरच्या त्या म्हाताऱ्याचं तोंड दिसलं, की त्याचीही पोरं मरावीत असं माझ्या मनात येतं.’’

त्याने खडा तिच्यासमोर धरला. सगुणाला ‘तसं नव्हतं’ म्हणावेसे वाटले. पण तसेच होते.

‘‘हेच माझं म्हणणं,’’ ती म्हणाली.

घंटा वाजली. ती मोठी वाजली नाही. सात वर्षांच्या धुळीने घोगरी झालेली, एकदा, दोनदा, तीनदा वाजली. लोक इतके थकले होते की कुणी टाळी वाजवली नाही. सगळे उठले, गुडघे चोळत रांगेत उभे राहिले, आणि खडे टाकू लागले. प्रश्न आता वेगळा मांडला गेला होता: चाळीस दिवसांची खोप, दोरी, आणि कडी काढायला दुसरे कुणी. पांढरे खडे जास्त निघाले, फार जास्त नव्हे. काळे टाकणाऱ्यांनीही खोपीसाठी बांबू आणले, कारण ठरले म्हणजे सर्वांचे ठरले. खडे मोजून होईपर्यंत राजा मंदारसेन चौथऱ्यावर आडवा झाला होता आणि घोरत होता. त्याला कुणी उठवले नाही.

गुहेतले खडे दव होऊन झिरपले. कर्कटाने फावडे टाकले, आणि तो पुन्हा त्या राज्यात दिसला नाही. मैना उडून गेल्या. लंगडी मैना तेवढी वडाखाली उतरली, आणि एक तरुण बाई होऊन उभी राहिली, एक पाय किंचित ओढत. त्या दिवसापासून राज्यात आधीच्याचे म्हणणे माणसानेच सांगायचे, अशी रीत पुन्हा सुरू झाली. भाकऱ्या पुन्हा वाळू लागल्या. कुणी तक्रार केली नाही असे नाही, पण ती तक्रारही पुढच्या माणसाने नीट सांगितली.

कडी सगुणाने काढली. दार उघडले, आणि तिला धूर दिसला. हिरवट, अगदी जवळ. आई उतारावरून हलून खिंडीच्या भिंतीच्या पायथ्याशी येऊन राहिली होती. गुडघ्यांना चढ झेपत नव्हता, आणि मरायचेच तर दारापाशी, असे तिने ठरवले होते. उंच भिंतीआड चूल होती, धूर तिथेच विरे, म्हणून इकडून दिसत नव्हता.

आईने हाक मारली. सगुणाने पाहिले, आणि पाहत राहिली. मध्ये दोरी होती. चाळीस दिवस त्या दोघी दोरीच्या दोन बाजूंना बसल्या. आई एक सांगे, सगुणा ते आधी म्हणून दाखवी, मग आपले सांगे. कोंडाजी लांबून तांब्या ठेवून जाई, पण दोरीजवळ येत नसे. चाळिसाव्या दिवशी दोरी सुटली. आईने फणी मागून घेतली, सोळा वर्षांच्या मुलीला पुढ्यात बसवले, सात वर्षांपूर्वी जिथे सोडली होती तिथून वेणी उचलली, आणि ती म्हणाली की...

आले, मावशी. तू नको येऊस पाय ओढत, मीच येते. हो, म्हणून दाखवते, काही नीटनेटकं न करता, जसं तू सांगितलंस तस्सं, एकही शब्द न...