तांब्याभर पाणी

एकदा एका शिष्याने आयुष्यातले पहिले घर विकत घेतले. घर कसले, तीन खोल्यांचा पडका सांगाडा. मागची भिंत फुगून बाहेर आलेली, निम्मी कौले फुटलेली, आणि मधल्या खोलीत कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या. त्याचे दोन मित्र, केरू आणि भिवा, पंधरा दिवस त्याच्याबरोबर चिखल तुडवत होते. तिघे एकाच फडक्यातली भाकरी खात. कौले चढवताना केरू खालून फेकी, भिवा मध्ये झेली आणि शिष्य वर रची.

घराचे हप्ते फेडायचे होते, म्हणून त्याने दोघांना एकेक खोली भाड्याने दिली. "परक्याला देण्यापेक्षा तुम्हीच राहा," तो म्हणाला. दोघांनाही ते पटले.

पुढच्या वैशाखात कौले पुन्हा शाकारायची वेळ आली. शिष्य आढ्यावर चढला आणि त्याने हाक मारली, "केरू, कौलं दे रे वर!"

केरू ओट्यावर पान लावत बसला होता. "मालक, भाडेकरूनं कौलं चढवलेली पाहिलीत का कुठं?"

तिघेही हसले. शिष्य जरा उशिरा हसला. दुसऱ्या दिवशी भिवा कंदिलासाठी खुंटी ठोकत होता, तेव्हा शिष्य म्हणाला, "विचारून ठोकत जा. भिंत माझी आहे." भिवाने हातोडी खाली ठेवली. पावसाळ्यात त्याच्याच अंथरुणावर गळू लागले. "मालक, तेवढं बघा की," तो म्हणाला. शिष्य उत्तरला, "आहे हे असं आहे. पटत नसेल तर दुसरीकडे बघ."

अखेर तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. "हे दोघे कृतघ्न निघाले. ठेवू की काढू?"

गुरू उठून त्याच्याबरोबर घरी आले. उंबऱ्यावर टेकले आणि त्यांनी पाणी मागितले. शिष्य धावत गेला, माठातले तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आला. गुरूंनी अर्धा तांब्या रिकामा केला. "फार गोड पाणी," ते म्हणाले, आणि त्यांनी त्याच्यापुढे एक नाणे ठेवले.

शिष्याचा चेहरा लाल झाला. "गुरुजी, मी पाणी विकत नाही!"

"घे. मी सांगतो म्हणून घे."

त्याने नाणे उचलले. गुरूंनी उरलेले पाणी तोंडाला लावले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कोमट आहे. तांब्याला चिंचेचा हात कधी लागला होता? एवढे पैसे मोजून हे पाणी?"

"आहे हे असं आहे," शिष्य ताडकन म्हणाला. "पटत नसेल तर दुसरीकडे—"

तो थांबला. आपल्या खोलीच्या दारात उभा असलेला भिवा आत वळला.

गुरू म्हणाले, "पाणी तेच होते. नाणे ठेवल्यावर मला त्यात खोड दिसू लागली, आणि नाणे घेतल्यावर तुला मी जड झालो. भाडे घेण्यात पाप नाही, घर त्यावरच उभे आहे. पण तू भाडेही घेत होतास आणि वर मित्रांनी कौले द्यावीत असेही म्हणत होतास. ते भाडेही देत होते आणि भिंत आपलीच समजत होते. तुम्ही तिघांनीही दोन्ही मागितले."

शिष्याने नाणे पुढे केले. "हे परत घ्या, गुरुजी."

"घेतो. पण मघाच्या पहिल्या घोटाची गोडी आता मला लागायची नाही."

दसऱ्याच्या आत दोघांनी खोल्या सोडल्या. भांडण झाले नाही. जाताना भिवाने खोली झाडून दिली.

पुढच्या वैशाखात शिष्याने रोजंदारीवर एक शाकारणारा बोलावला. तो आढ्यावर चढून म्हणाला, "मालक, कौलं वर द्यायला कोण आहे?"

शिष्याने रिकाम्या ओट्याकडे पाहिले.

"कोणी नाही," तो म्हणाला आणि कौले उचलायला वाकला.